रमाच्या नावानं डे-एंड

रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला, जयपूरच्या मालवीय नगरातल्या आमच्या शाखेत, मी माझ्या बायकोचं नाव टाइप करायचो आणि एंटर दाबायचो. मग बँकेचा दिवस संपायचा. बाहेर अंधार पडलेला असो, शटर अर्धं खाली ओढलेलं असो, शिपाई चहाचे कप विसळून घरी गेलेला असो, मी ते नाव लिहिलं नाही तोवर बँकेच्या लेखी तारीख बदलत नसे. एवढा मान रमाला आजवर कुणी दिला नसेल, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी राजन उपासनी, धुळ्याचा, बँकेत अधिकारी. प्रमोशन घेतलं की परराज्यात जावं लागतं हे ठाऊक असूनही दोन हजार दोन साली मी प्रमोशन घेतलं. दोन वर्षं, फार तर तीन, मग परत आणतात, असं सगळे म्हणाले. असं म्हणणारे सगळे धुळ्यातच राहणारे होते. घरी ह्यावर चर्चा अशी काही झालीच नाही. आमची मुलगी तनया दहावीत जाणार होती. रमा शाळेत शिकवते, तिची जुनी नोकरी. तेव्हा मी एकटाच जाणार हे उघडच होतं, निदान मला तसं वाटलं. रमानं चिवड्याचा डबा भरून दिला, मेतकूट दिलं, आणि मी गाडीत बसलो.

शाखेत रुजू झालो त्याच आठवड्यात मॅनेजर माथुरसाहेबांनी मला सर्व्हरच्या खोलीत नेऊन बसवलं. मला कॉम्प्युटर येत होता म्हणून नव्हे. मी नवा होतो आणि बाकीच्यांनी आधीच नाही म्हटलं होतं म्हणून. खोली म्हणजे काचेनं अडवलेला एक कोपरा. त्यात एसी, सर्व्हर, एक टर्मिनल आणि एकच खुर्ची. पडद्यावर चित्रंबित्रं काही नाहीत. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत तुमच्या हुकमाची वाट बघते, आणि हुकूम इंग्रजीत लिहून द्यायचा. दिवस बंद करायला, ज्याला बँकेत डे-एंड म्हणतात, असे लांबलचक हुकूम एकामागून एक द्यावे लागत. आधी सगळी टर्मिनलं बंद झाली का बघा, मग खाती जुळवा, मग व्याज चढवा, मग टेपवर नक्कल काढा. मधे एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला मी रोज चुकत असे, आणि चुकल्यावर जी शिवी तोंडातून निघायची ती ऐकायला खोलीत कुणी नसायचं. असतं तरी कळली नसती, कारण शिवी अहिराणी होती.

मग सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीनं पुण्याहून प्रथमेश नावाचा एक इंजिनिअर पाठवला. माझ्या मागे उभा राहून त्यानं माझी खटपट बघितली आणि विचारलं, काका, हे सगळं तुम्ही रोज हातानं मारता? मला रडू यायचंच बाकी राहिलं. जयपुरात आल्यापासून मला काका म्हणणारा तो पहिलाच.

त्यानं केलं ते तसं सोपं होतं. सगळे हुकूम ओळीनं एका फाइलीत लिहून ठेवले. ह्या फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. मग बँकेच्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल उघडून मला दाखवलं, की इथे डावीकडे आपल्याला हवा तो शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याचा अर्थ. हे झालं टोपणनाव. घरात दत्तात्रय असतो आणि हाक दत्तू म्हणून मारतात, त्यातलाच प्रकार. उजवीकडे सुरुवातीलाच उद्गारचिन्ह टाकलं की प्रोग्रॅम समजतो, हे काम आपल्याच्यानं होणारं नाही. मग तो बाहेर जातो, सांगितलेल्या जागेवरची स्क्रिप्ट काढतो, ती म्हणेल तसं करतो, आणि ती संपली की आपल्या जागेवर येऊन रेघ लुकलुकवत उभा राहतो. मला हे फार आवडलं. कुणीतरी एका शब्दावर उठून बाहेर जातं आणि काम करून परत येतं, ही गोष्ट मी जयपुरात विसरूनच गेलो होतो.

प्रथमेश दोन दिवस होता. त्या दोन दिवसांत मी त्याला आख्खं धुळं सांगितलं. पांझरा नदी, गल्ली क्रमांक चारमधली आमची जुनी जागा, तनयाचे गणिताचे मार्क, रमाच्या हातचं भरीत. त्याला हॉटेलवर जायला उशीर होत होता हे मला दिसत होतं, पण मी त्याला सोडलं नाही. बिचारा हसून ऐकत राहिला. तो गेला आणि मी पुन्हा हिंदीत बोलायला लागलो.

त्यानं ठेवलेली टोपणनावं दोन-दोन अक्षरांची होती, रुक्ष. ती मी बदलली. सकाळी दिवस उघडायच्या स्क्रिप्टला तनयाचं नाव दिलं. ती स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधी सारखी नक्की ना, नक्की ना असं विचारायची, आणि आमची तनयासुद्धा चारदा हलवल्याशिवाय उठत नाही. रिपोर्ट छापायच्या स्क्रिप्टला आईचं नाव दिलं, अनुसया. आई असते धाकट्या भावाकडे अमळनेरला. तिनं एकदा बोलायला सुरुवात केली की कागद संपेपर्यंत थांबत नाही. आणि दिवस बंद करायला रमा. घरीही दिवस तीच बंद करायची. गॅस, मागचं दार, विरजण, सगळं बघून झालं की ती दिवा घालवायची. मी तोवर घोरत असायचो.

आता एक सांगायला हवं. मी रमाला कधी नावानं हाक मारलेली नाही. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती. लग्नात घास भरवताना घेतलं असेल एकदा, सगळ्यांनी धरून बसवलं म्हणून. पुढे सगळा संसार अगं आणि अहो ह्या दोन शब्दांवर चालला, आणि चांगला चालला. पण जयपुरात मी ते नाव रोज लिहायला लागलो. कधी डे-एंड फसला तर त्याच संध्याकाळी पुन्हा पुन्हा लिहायचो. आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी डे-एंड फसला की मला बरंही वाटायचं.

स्क्रिप्टच्या शेवटी मी एक ओळ घालून ठेवली होती. सगळं सुरळीत पार पडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं, झालं, घरी जा. मी आज्ञाधारकपणे एसी बंद करायचो आणि घरी जायचो. घर म्हणजे मालवीय नगरातल्याच एका दुमजली घराची गच्चीवरची खोली. खाली घरमालकांचं भरलेलं घर, त्यांच्या सुना, टीव्ही, भांडणं, हसणं. वर मी आणि कूलर. भाजी एक करायची आणि दोनदा खायची. घरमालकीण भली बाई. सणावाराला जिन्यातून ताट पाठवायची, आणि ताट धुऊन परत देताना काय बोलावं ते मला कधीच सुचायचं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मी एकदा गेलो. विम्यातले, केंद्र सरकारातले, बँकेतले असे बदलीवाले तिथे जमतात. सगळे जोडीनं आलेले. जयपुरातच वाढलेली उत्कर्षा नावाची एक चुणचुणीत मुलगी प्रसाद वाटत होती. तिनं मला विचारलं, "काका, मतलब तुम्ही अकेलेच राहता?" मी हो म्हणालो. तिनं मला दोन मोदक जास्त दिले. पुढच्या वर्षी मी गेलो नाही.

रविवारी सकाळी घरी फोन करायचो. तिकडची हकीकत रमा सांगायची, नळाचं, लाइटबिलाचं, तनयाच्या क्लासचं. इकडची हकीकत म्हणजे माझा बदलीचा अर्ज. दोन वर्षं झाल्याबरोबर मी पहिला अर्ज केला. कच्चा लिहून तिला फोनवर वाचून दाखवला. तिनं छान झालाय म्हटलं. तो नामंजूर झाला. सहा महिन्यांनी दुसरा केला, तोही वाचून दाखवला, त्याचंही तेच झालं. नाही म्हणण्याचं कारण कुणी कळवत नाही. मी समजत होतो की धुळ्यात जागा नसेल.

कारण मला माथुरसाहेबांनी सांगितलं, तेसुद्धा कौतुक म्हणून. जानेवारीच्या थंडीत एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून तिळाची गजक खाऊ घातली आणि म्हणाले, तुमच्या अर्जावर दोन्ही वेळा मी स्वतः लिहिलं, की शाखेचं सगळं कॉम्प्युटरचं काम ह्या एका अधिकाऱ्यावर अवलंबून आहे, ह्यांना सोडता येणार नाही. असा शेरा मी आजवर कुणाला दिलेला नाही, असंही म्हणाले. त्यांना वाटलं मी आभार मानीन. मी गजक तोंडात धरून बसलो होतो. टोपणनावं मला माहीत, स्क्रिप्टा मला माहीत, दुसऱ्या कुणाला एक अक्षर ठाऊक नाही. घरच्यांची नावं देऊन जी सोय मी करून घेतली होती, तिनंच मला घरापासून तोडून ठेवलं होतं. राग आला तो माथुरांचा आला, पण रागावून सांगणार काय? मी इतकंच विचारलं, की दुसऱ्या कुणाला हे काम आलं तर? ते म्हणाले, तो फिर हमें क्या तकलीफ है, खुशीसे जाइए.

तेव्हा मी ठरवलं, हे काम विमलजींना शिकवायचं.

विमल जैन आमचे हेड कॅशियर. पन्नाशी उलटलेले, जौहरी बाजारातून रोज स्कूटरवर यायचे. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध पासबुक छापण्यापुरता, आणि पासबुक तिरपं छापलं गेलं की ते यंत्राला हात जोडायचे. पण शाखेत माझं असं कुणी असेल तर तेच. माझ्या घरच्या सगळ्यांची ते नावानिशी चौकशी करायचे, म्हणजे नाव न घेता, भाभीजी कैसी हैं, बिटिया का इम्तहान कैसा रहा. मी त्यांना सरळ सांगितलं, की तुम्ही हे शिकलात तर मी घरी जाईन. त्यांनी एक क्षण विचार केला आणि सिखाओ म्हणाले. अडचण एवढीच होती, की ते सूर्यास्तानंतर जेवत नसत, आणि थंडीत डे-एंडच्या आधीच सूर्य मावळतो. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळचा डबाही घेऊन यायला लागले. उजेड असेतो सर्व्हरच्या खोलीबाहेर बसून घाईघाईनं जेवायचे आणि मग हात धुऊन आत यायचे. तो डबा बघून मला लाज वाटायची, आणि आशाही वाटायची.

पहिल्या संध्याकाळी मी खुर्ची त्यांना दिली आणि सांगितलं, आता इथे रमा लिहा आणि एंटर दाबा. त्यांनी बोटं कळांवर नेली आणि तशीच हवेत ठेवली.

"ये तो भाभीजी का नाम है," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"राजनजी, मैं उनका नाम कैसे लूँ? और वो भी हुकुम देने के लिए?"

मी समजावलं, की हे नाव नाही, नुसता शब्द आहे, त्याच्या मागे एक फाइल आहे. त्यांना पटेना. मग छपाईचं काय ते विचारलं. अनुसया म्हणजे माझी आई हे कळल्यावर तर ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. माताजींचं नाव घेऊन प्रिंटर चालवायचा, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. मला हसू आवरेना. एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा हसलो असेन. पण माणूस अडून बसला होता आणि माझी बदली त्याच्या बोटांवर अडली होती.

तोड सोपी होती. एका स्क्रिप्टला टोपणनाव एकच असावं असं काही बंधन नाही. मी सेटिंगची फाइल उघडली आणि जुन्या नावांच्या खाली तीन नवे शब्द लिहिले. भाभीजी, बिटिया आणि माताजी. उजवीकडे तेच उद्गारचिन्ह, त्याच स्क्रिप्टा. विमलजींनी डाव्या हाताचं एक आणि उजव्या हाताचं एक अशा दोन बोटांनी भाभीजी लिहिलं, मान किंचित झुकवली आणि एंटर दाबलं. खाती जुळायला लागली. ते पडद्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

काम चालू असताना त्यांनी विचारलं, तुम्ही घरी वहिनींना काय म्हणता? मी म्हणालो, अगं म्हणतो. नावानं नाही बोलवत? नाही. मग यंत्राला का सांगितलं त्यांचं नाव? इथे तिला हाक मारायला दुसरं काही नव्हतं, असं म्हणायला हवं होतं, पण हिंदीत ते फार सिनेमातलं वाटलं असतं, म्हणून मी टेप बदलायला उठलो.

शिकायला त्यांना वेळ लागला. शब्द पाठ झाले, पण ते कुठे लिहायचे ह्याचा घोळ व्हायचा. ही टोपणनावं त्या एका प्रोग्रॅमच्या आतच चालतात. प्रोग्रॅममधून बाहेर पडून नुसत्या मशीनसमोर लिहिली तर मशीन म्हणतं, असला शब्द मला माहीत नाही. मार्चअखेरची सगळी धावपळ संपल्यावर, एप्रिलमध्ये, माथुरसाहेबांनी परीक्षा ठेवली. मी केबिनमध्ये बसायचं आणि विमलजींनी एकट्यानं दिवस बंद करायचा. थोड्या वेळानं ते केबिनच्या दारात आले. कपाळावर घाम. म्हणाले, भाभीजी सुन ही नहीं रही हैं. मी जागचा हलू नये अशी माथुरसाहेबांची अट होती. मी बसल्या जागेवरून विचारलं, घराच्या आत आहात की बाहेर? त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. परत गेले, आधी प्रोग्रॅममध्ये शिरले, मग शब्द लिहिला. पाऊण तासानं ते हसत आले, आणि घरी जा असं आलंय, ह्याचा मतलब काय, असं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, आता ही ओळ तुम्हाला लागू झाली.

त्यानंतर डे-एंड तेच करायला लागले. मला सहा वाजता काही कामच उरलं नाही. काचेच्या बाहेर उभं राहून मी बघायचो, ते दोन बोटांनी शब्द लिहायचे आणि सगळं आपोआप होत जायचं. मला थोडं वाईट वाटायचं हे खरं आहे. मी मनाला सांगायचो, अरे, आता खरीच भेटणार आहे. मी तिसरा अर्ज केला. ह्या वेळी माथुरसाहेबांनी शेरा बदलला. रविवारी तो अर्जही रमाला वाचून दाखवला. तनयाची बारावी झाली होती आणि ती पुण्याला कॉलेजात जायची तयारी करत होती. रमा म्हणाली, बघू या. नेहमीपेक्षा कमी बोलली. मला वाटलं, तनया जाणार म्हणून असेल.

मे महिन्यात क्षेत्रीय कार्यालयातून एक वरिष्ठ अधिकारी पाहणीला आले. त्यांनी विमलजींना काम करताना पाहिलं. ज्या माणसाला पासबुक सरळ छापता येत नाही तो एका शब्दावर आख्खी शाखा बंद करतो, हे बघून ते थक्क झाले. मला बोलावून सगळं समजून घेतलं. भाभीजी कोण, रमा कोण, हेही विचारलं आणि मोकळेपणानं हसले. मग म्हणाले, की अशी व्यवस्था प्रत्येक शाखेत हवी. फक्त व्यक्तींची नावं बँकेच्या कामात बरी दिसत नाहीत, तेवढे शब्द बदलून घ्या. मी मान हलवली. ती पाहणी माझ्या बाजूनं झाली अशा समजुतीत मी त्या संध्याकाळी बाजारात जाऊन तनयासाठी बांधणीची ओढणी घेतली.

जूनमध्ये ऑर्डर आली. माथुरसाहेब स्वतः ती हातात घेऊन आले, बरोबर मिठाईचा डबा. टोंक रोडवरच्या सगळ्या शाखांमध्ये ही पद्धत बसवण्यासाठी श्री. उपासनी ह्यांची नेमणूक, मुक्काम चाकसू, मुदत तीन वर्षं. शेवटी एक ओळ होती, की सबब त्यांचा विनंती अर्ज निकाली काढण्यात येत आहे. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. माथुरसाहेबांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. शाखेत टाळ्या वाजल्या. विमलजींनी वाजवल्या नाहीत.

सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. चाकसू इथून तासाभरावरच आहे, गाव वाईट नाही म्हणाले, शीतलामातेची मोठी जत्रा भरते, आदल्या दिवशीचं थंड अन्न देवीला चालतं. मी म्हणालो, मग माझं तिथे जमेल, मी तीन वर्षं तेच खातोय. ते हसले नाहीत. एवढे दिवस माझ्यासाठी दोन डबे आणणारा हा माणूस, त्याला वाटत होतं की त्याचंच काही चुकलं. मी सांगितलं की तुम्ही फार चांगलं शिकलात. तेच खरं होतं, आणि तेच आड आलं होतं.

रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी मी बाजारातल्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. ऊन उतरलं होतं तरी काच तापलेली होती. रमानं फोन उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं, पाहणी, ऑर्डर, चाकसू, तीन वर्षं.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "तुम्ही इतके अर्ज केलेत. प्रत्येक अर्ज मला वाचून दाखवलात. पण तू इकडे ये, असं एकदा तरी मला म्हणालात का?"

मी म्हणालो, तुझी शाळा होती. तनयाची दहावी होती, मग बारावी होती.

"ते मी बघितलं असतं हो. नोकरीला वीस वर्षं कधीच झाली, पेन्शन घेऊन सोडता आली असती. तनया काय, माझ्या आईकडे राहिली असती. तुम्ही विचारायला हवं होतं."

मग तिनं सांगितलं, सावकाश, वर्गात मुलांना सांगतात तसं. मी जयपूरला आल्यावर दुसऱ्याच वर्षी शाळेनं तिला पर्यवेक्षिका व्हा म्हटलं होतं. तिनं लेखी नकार दिला. पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली, तेव्हाही नकार दिला. जयपूरहून बोलावणं आलं तर आपल्यावाचून शाळेचं अडायला नको, असा तिचा हिशेब. मला बोलली नाही, कारण मग मी उगीच भिडेखातर ये म्हटलं असतं. ते तिला नको होतं.

"आता ती जागा परत रिकामी झालीय," ती म्हणाली. "तनया चाललीच आहे. तुम्ही पुन्हा अर्जच वाचून दाखवलात. म्हटलं, आता किती वाट बघायची. ह्या वेळी मी हो म्हटलंय. सोमवारी चार्ज घ्यायचाय."

मी रिसीव्हर धरून उभा होतो. तिनं तीन वर्षं कुणाचं आपल्यावाचून अडू दिलं नाही. मी मात्र आख्खी शाखा स्वतःवाचून अडेल अशी करून ठेवली, आणि मग बँकेला विनवत राहिलो. जिला विनवायचं ती रोज फोनवर होती, म्हणजे दर रविवारी. जयपुरात मी पुष्कळ एकटा राहिलो, पण त्या बूथमध्ये वाटलं तितकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

"रमा," मी म्हणालो, "तू ये इकडे."

बाहेर कुणीतरी फोनसाठी खोळंबून उभं होतं आणि काचेवर बोटं वाजवत होतं.

"आता नाही हो जमायचं," ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. मग तिनं जेवण झालं का विचारलं आणि मी हो म्हणालो. सोमवारी सकाळी आम्ही दोघंही नव्या जागी रुजू झालो, ती धुळ्यात आणि मी चाकसूत.